छोट्या हायब्रिड इंजिनाची प्रकृती

हायब्रिड गाडी घ्यायचा विचार करणाऱ्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, ‘पण टिकते का हो?’ पहिल्याचे उत्तर शोरूममधला मुलगा पाठ म्हणून दाखवतो. दुसऱ्याला मात्र कुणी ‘जपानी गाडी आहे, काही होत नाही’ म्हणतो, तर कुणी ‘बॅटरी गेली की गाडी भंगारात’ म्हणतो. दोन्ही उत्तरे ऐकीव असतात.

माझे शिक्षण वैद्यकाचे, गॅरेजचे नाही. पण वर्षानुवर्षे न थांबता चालणारे यंत्र शेवटी कशाने बिघडते, हा प्रश्न आमच्या पेशाला परका नाही. शिवाय या इंजिनाच्या धुराचा, आणि एका विशिष्ट प्रसंगी त्याच्या शांतपणाचाही, आपल्या तब्येतीशी थेट संबंध येतो. म्हणून आज या सदरात एका छोट्या इंजिनाची तपासणी करू. रुग्ण म्हणून निवडले आहे टोयोटा प्रियसचे १.५ लिटरचे इंजिन. पाव शतकाहून अधिक काळ ते रस्त्यावर असल्यामुळे त्याच्या प्रकृतीचा इतिहास आपल्याला नीट उपलब्ध आहे.

कागदावर दुबळे

प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली आणि २००० पासून इतर देशांत जाऊ लागली. मोठ्या संख्येने बनवलेली ती जगातली पहिली हायब्रिड मोटार. तिच्या इंजिनाचे कारखान्यातले नाव १एनझेड-एफएक्सई. चार सिलिंडर, १४९७ घन सेंटिमीटर क्षमता, सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८४.७ मिलिमीटर. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, त्यात बिडाच्या नळ्या. झडपा चालवायला पट्ट्याऐवजी साखळी, त्यामुळे ठरावीक किलोमीटरनंतर टायमिंग बेल्ट बदलण्याची कटकट नाही.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. नवल आहे ताकदीच्या आकड्यात. पहिल्या जपानी प्रियसमध्ये हे इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर जेमतेम ५८ अश्वशक्ती देत असे. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत फेऱ्यांची मर्यादा ५००० पर्यंत वाढवून ती ७६ झाली. याच घराण्यातले, याच मापाचे साधे पेट्रोल इंजिन मात्र ६००० फेऱ्यांवर १०० च्या वर अश्वशक्ती सहज देते. म्हणजे तितकेच लोखंड, तितकीच जागा आणि ताकद पाऊण पटीहून कमी. ‘पिकअप’ बघून गाडी घेणाऱ्याने हा कागद पाहिला तर तो तिथूनच परत फिरेल.

ही कमतरता जाणूनबुजून ठेवलेली आहे. ती समजली की टिकाऊपणाचे अर्धे उत्तर हाती येते.

पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर किती पट आवळली जाते, याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. साध्या भावंडात हा आकडा १०.५ आहे, प्रियसच्या इंजिनात १३. आकडा जितका मोठा, तितके इंधनाच्या प्रत्येक थेंबातून जास्त काम निघते. पण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण फार आवळले तर ठिणगीची वाट न बघता ते आपले आपण भडकते आणि इंजिन ‘नॉक’ करू लागते. हा ठोका पिस्टनला घातक असतो.

यावरचा तोडगा जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. त्याने १८८० च्या दशकात दांड्यांची गुंतागुंतीची रचना करून अशी इंजिने बनवली होती की, वायू आवळण्याची धाव आखूड आणि वायू फुलण्याची धाव लांब असावी. आजच्या इंजिनात त्या दांड्या नाहीत. हवा आत घेणारी झडप मुद्दाम उशिरा बंद केली जाते. पिस्टन वर निघालेला असतो, झडप अजून उघडी असते, त्यामुळे आत आलेल्या मिश्रणातले थोडे पुन्हा मागे ढकलले जाते. उरलेले मिश्रण आवळले जाते. म्हणजे प्रत्यक्ष दाब कागदावरच्या तेरापेक्षा कमी राहतो आणि इंजिन नॉक करत नाही. स्फोटानंतर मात्र वायूला फुलायला पूर्ण तेरा पट जागा मिळते. साध्या इंजिनात जी उष्णता सायलेन्सरमधून वाया गेली असती, तिच्यातला काही भाग चाकांकडे वळतो.

याची किंमत उघड आहे. प्रत्येक खेपेला सिलिंडरमध्ये मिश्रणच कमी, म्हणून ताकद कमी. फायदाही उघड आहे. साध्या पेट्रोल इंजिनात उत्तम स्थितीतही इंधनातली तीस-पस्तीस टक्के ऊर्जाच कामी येते. प्रियसच्या पुढच्या पिढ्यांतल्या १.८ लिटर इंजिनाने हाच मार्ग वापरून २००९ मध्ये साडेअडतीस आणि २०१५ मध्ये चाळीस टक्क्यांचा टप्पा गाठला.

ओझे कोण उचलतो?

एवढे अशक्त इंजिन साध्या गाडीत घातले असते तर घाटात गाडी उठली नसती. प्रियसमध्ये ती उणीव विजेची मोटर भरून काढते. मोटरची गंमत अशी की तिचा जोर शून्य वेगापासूनच पूर्ण असतो. नेमके जिथे पेट्रोल इंजिन सर्वांत कच्चे, तिथे मोटर सर्वांत भक्कम. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ही मोटर ५० किलोवॉटची आहे.

इंजिन, मोटर आणि वीज तयार करणारा जनरेटर या तिघांना एकत्र बांधतो तो ग्रहमालेसारखा दात्यांचा एक संच. मधोमध एक चाक, त्याभोवती फिरणारी लहान चाके आणि सर्वांना कवेत घेणारे बाहेरचे कडे. मधल्या चाकाला जनरेटर जोडलेला, फिरणाऱ्या चाकांच्या चौकटीला इंजिन आणि बाहेरच्या कड्याला मोटर व गाडीची चाके. जनरेटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिनाचा वेग चाकांच्या वेगापासून सुटा होतो. गाडी ताशी वीसने चालो की ऐंशीने, इंजिन कोणत्या फेऱ्यांवर फिरवायचे, हे संगणक ठरवतो.

टिकाऊपणाच्या दृष्टीने याचे परिणाम मोठे आहेत. पहिला म्हणजे, जे नाही ते बिघडत नाही. या गाडीत क्लच प्लेट नाही, गिअर बदलणारी यंत्रणा नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. मागे जायचे तर मोटर उलटी फिरते, त्यासाठीही वेगळा गिअर नाही.

दुसरा परिणाम इंजिन सुरू होण्याच्या क्षणाचा. साध्या गाडीत छोटा स्टार्टर इंजिनाला धक्का देतो आणि ते अडखळत पेट घेते. इथे ताकदवान जनरेटर इंजिनाला मिनिटाला सुमारे हजार फेऱ्यांपर्यंत आधी फिरवून घेतो आणि मग इंधन सोडले जाते. तोवर तेलाचा दाब तयार होऊ लागलेला असतो. म्हणून दिवसात शेकडो वेळा बंद-चालू होऊनही या इंजिनाची त्या मानाने झीज होत नाही.

तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा. इंजिनावर कधी उपाशीपोटी धावायची वेळ येत नाही आणि कधी छाती फुटेपर्यंतही नाही. सिग्नलला ते बंद असते. कासवगतीच्या कोंडीत बॅटरीवर काम भागते. ओव्हरटेक करताना अचानक जोर लागला तर मोटर धावून येते. इंजिनाच्या वाट्याला येते ते त्याला मानवणाऱ्या पट्ट्यातले काम.

बॅटरीलाही असाच संयम लावलेला आहे. दुसऱ्या पिढीत निकेल-मेटल हायड्राइडच्या १६८ घटांची, २०१.६ व्होल्टची बॅटरी आहे. ती कधी काठोकाठ भरली जात नाही आणि कधी तळापर्यंत रिकामी केली जात नाही. साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान तिला खेळवले जाते. मोबाइलच्या बॅटरीचे आपण जे हाल करतो, ते या बॅटरीचे संगणक होऊ देत नाही.

टॅक्सीची साक्ष

हे झाले तत्त्व. प्रत्यक्षात काय घडले? कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातल्या एका टॅक्सीचालकाची पहिल्या पिढीतली प्रियस जेमतेम दोन वर्षांत तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेली. ती गाडी टोयोटाने स्वतःच तपासणीसाठी विकत घेतली. पुढे अनेक देशांतल्या टॅक्सीवाल्यांनी ही गाडी डोळे मिटून घ्यायला सुरुवात केली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने २००२ सालची, सुमारे ३.३ लाख किलोमीटर चाललेली प्रियस मिळवून तिची चाचणी घेतली. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच तपासलेल्या जवळपास नव्या प्रियसने एका गॅलनला ४०.६ मैल दिले होते. या जुन्या गाडीने ४०.४ दिले.

आकडा बोलका आहे, पण वैद्यकात अशा पुराव्याकडे जरा सावधपणे पाहायची सवय लावली जाते. एक गाडी म्हणजे एका रुग्णाची हकिगत. ‘माझे आजोबा रोज विड्या ओढूनही नव्वद वर्षे जगले’ या वाक्यात खोटे काही नसते, पण त्यावरून विडी निरुपद्रवी ठरत नाही. लाखो किलोमीटर चाललेल्या गाड्यांच्या बातम्या होतात. दीड लाखाला बंद पडलेल्या गाडीची बातमी होत नाही.

दुसरे असे की, टॅक्सीचे आयुष्य इंजिनाला वाटते तितके खडतर नसते. टॅक्सी सकाळी एकदा सुरू होते आणि दिवसभर गरम राहते. खरे हाल होतात ते घरच्या गाडीचे. सकाळी दोन किलोमीटरवर मुलांची शाळा, संध्याकाळी दीड किलोमीटरवर भाजी आणि मधले दोन दिवस गाडी उभीच. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ सिलिंडरच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळते. इंजिन पुरेसा वेळ गरम राहिले तर ते उडून जाते, नाहीतर तिथेच साचते. हायब्रिडमध्ये इंजिन मधूनमधून बंद होत असल्याने ते तापायला आणखी वेळ लागतो. तेव्हा ‘गाडी फक्त तीन हजारच चालली आहे, तेल कशाला बदलायचे?’ हा हिशेब हायब्रिडला विशेष चुकीचा आहे. कंपनीच्या पुस्तिकेत तेल बदलण्यासाठी किलोमीटर आणि महिने असे दोन्ही दिलेले असतात. जे आधी होईल ते पाळावे.

झिजत नाही, तुंबते

या गाड्यांच्या बिघाडांची यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. पिस्टन झिजले, बेअरिंग गेले, साखळी तुटली, अशा जुन्या धाटणीच्या तक्रारी त्यात कमी आहेत. बहुतेक मोठ्या तक्रारींचे मूळ उष्णतेत सापडते. कुठेतरी थंडावा पोहोचवणारी वाट बंद पडते आणि तिच्या पलीकडचा भाग भाजून निघतो. रक्तवाहिनी तुंबली की तिच्यापुढचा स्नायू मरतो, हे आम्ही रोज पाहतो. इथले गणित त्याच जातीचे आहे.

पहिली वाट इन्व्हर्टरची. बॅटरीतली एकदिश वीज मोटरला लागणाऱ्या प्रत्यावर्ती विजेत बदलणारा हा डबा खूप तापतो. त्याला थंड ठेवायला कुलंट फिरवणारा छोटा विद्युत पंप असतो. २०१२ मध्ये टोयोटाने जगभरातून ज्या लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्यांतल्या प्रियस गाड्यांमध्ये या पंपाचा दोष होता. इंजिन ठणठणीत आणि पंपापायी गाडी रस्त्यात उभी, अशी ती गत. २०१४ मध्ये तिसऱ्या पिढीच्या सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या गेल्या. तिथे दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. त्यामुळे इन्व्हर्टरशी संबंधित विद्युत भाग प्रमाणाबाहेर तापून निकामी होऊ शकत होते. उपाय म्हणून सॉफ्टवेअर बदलून दिले गेले.

दुसरी वाट इंजिनाच्या श्वासाची. तिसऱ्या पिढीत १.८ लिटर इंजिन आले आणि त्यासोबत एक नवा फाटा आला. सायलेन्सरकडे निघालेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडायचा. याने ज्वलनाचे तापमान उतरते, इंधन वाचते आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइड्सही कमी तयार होतात. दुसऱ्या पिढीच्या १.५ लिटर इंजिनात हा फाटा नव्हता. हेतू उत्तम, पण या वायूत काजळी असते आणि तिला तेलाची वाफ मिळाली की चिकट थर जमतो. लाख-दीड लाख किलोमीटरनंतर वायू थंड करणारा कूलर आणि पुढच्या बारीक वाटा चोंदू लागतात. या गाड्या उघडणाऱ्या अनुभवी मेकॅनिक मंडळींचे म्हणणे असे की, मग चारही सिलिंडरना थंड वायू सारखा मिळत नाही, काही सिलिंडर जास्त तापतात आणि शेवटी हेड गॅस्केट फुटते. आधी लक्षणे दिसतात ती बारीक. सकाळी सुरू करताना इंजिन काही क्षण खडखडते, थरथरते. कुलंटची पातळी कुठेही गळती न दिसता हळूहळू उतरते. छातीत अधूनमधून होणाऱ्या जळजळीसारखी ही लक्षणे आहेत, अंगावर काढण्यासारखी नाहीत. कूलर वेळेवर साफ करण्याचा खर्च हेड गॅस्केटच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

तिसरी वाट बॅटरीच्या वाऱ्याची आणि ती आपल्या अगदी हाताशी आहे. प्रियसची बॅटरी मागच्या आसनाच्या पाठीशी असते आणि तिला थंड ठेवण्यासाठी एक पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो. मागच्या आसनाच्या कडेला त्यासाठी जाळी असते. त्या जाळीवर कुणी पिशवी टेकवून ठेवतो, कुणी चादर टाकतो. धूळ, कापसाचे तंतू, कुत्र्याचे केस आत जाऊन पंख्याला चिकटतात. वारा कमी झाला की बॅटरी तापते. १६८ घट एकामागे एक जोडलेले असल्याने एखादा घट आधी खचला तरी सगळी बॅटरी आजारी ठरते. ‘बॅटरी गेली’ म्हणून हळहळणाऱ्या कित्येकांनी ही जाळी कधी पाहिलेलीच नसते. आपल्याकडची धूळ आणि उन्हात तापलेली गाडी लक्षात घेतली तर ही जाळी दर सर्व्हिसिंगला साफ झालीच पाहिजे. गाडी उन्हातून काढल्यावर आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ देणे हे बॅटरीच्याही हिताचे आहे, कारण आपण जी हवा घेतो, तीच तिलाही मिळते.

पहिल्या मिनिटाचा धूर

नव्या ग्राहकांची एक तक्रार असते, ‘बॅटरी भरलेली असूनही सकाळी इंजिन उगाचच सुरू होते.’ ते उगाच नसते. धुरातले कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला असतो. तो अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणून आधुनिक पेट्रोल गाडीच्या छोट्या फेरीत या प्रदूषकांचा मोठा हिस्सा पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतो. संगणक इंजिन चालवून आधी हा कन्व्हर्टर तापवून घेतो.

हायब्रिडपुढे इथे एक पेच आहे. इंजिन वारंवार बंद राहिले की कन्व्हर्टर थंड होऊ लागतो. दुसऱ्या पिढीच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रियसमध्ये यासाठी चक्क एक थर्मास बसवला होता. गाडी बंद करताना गरम कुलंट त्यात भरून ठेवले जाई. ते तीन दिवसांपर्यंत ऊब धरून राही आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू होण्याआधी तेच आत सोडले जाई. ऊबदार इंजिनात पेट्रोल नीट जळते आणि पहिल्या मिनिटाचा धूर कमी होतो.

शहरात राहणाऱ्याच्या फुप्फुसांसाठी याचा अर्थ काय? सिग्नलला उभ्या असलेल्या शंभर गाड्यांची इंजिने बंद असतील तर तिथे उभा असलेला वाहतूक पोलीस, फुलवाली आणि दुचाकीवर मागे बसलेले मूल यांच्या नाकात कमी धूर जाईल, हे निश्चित. ब्रेक दाबताना मोटरच वीज बनवत गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक पॅड कमी घासतात आणि त्यांची धूळही कमी होते. पण टायरची धूळ तेवढीच राहते आणि पेट्रोल जाळणे संपत नाही. हायब्रिड म्हणजे प्रदूषणमुक्त गाडी, असे समजू नये.

शांतपणाचा धोका

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख आरोग्याच्या सदरात असायला हवा, तो मुद्दा. हायब्रिड गाडी ‘रेडी’ स्थितीत असताना तिचे इंजिन बंद असू शकते. आवाज नाही, थरथर नाही. चालकाला वाटते गाडी बंद केली आहे. किल्ली फिरवायची नसून बटण दाबायचे असल्याने ही गफलत आणखी सोपी होते. चालक घरात निघून जातो. काही वेळाने बॅटरी उतरते आणि संगणक आपले काम म्हणून इंजिन सुरू करतो. गाडी बंद गॅरेजमध्ये असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठत जातो आणि घरातही शिरतो. अमेरिकेत बटणावर चालणाऱ्या गाड्या अशा चालू राहिल्याने माणसे झोपेत दगावली आहेत.

आपल्याकडे घराला चिकटून बंद गॅरेज फारसे नसते. पण शटर असलेले पार्किंग, तळघर आणि पावसात काचा लावून एसी चालू ठेवून गाडीत झोप काढण्याची सवय आपल्याकडे आहे. एसी बॅटरीवर चालतो आहे, इंजिन बंद आहे, म्हणजे धोका नाही, हा समज जिवावर बेतू शकतो. इंजिन केव्हा सुरू होईल, हे झोपलेल्या माणसाला कळत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे पित्तासारखी किंवा थकव्यासारखी वाटतात. एकाच गाडीत किंवा खोलीत असलेल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर शंका आलीच पाहिजे. आणखी एक गोष्ट घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आल्यापासून सांगावी लागते. या विषबाधेत तो ९८ दाखवू शकतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले आणि प्राणवायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला ओळखता येत नाही. त्याच्यावर विसंबू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा, लगेच रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना ‘बंद गाडीत होतो’ हे आवर्जून सांगा. हे कळले तर नेमकी रक्ततपासणी आणि प्राणवायूचा उपचार लगेच सुरू करता येतो.

गाडीतून उतरताना ‘रेडी’चा दिवा विझला की नाही हे पाहायची सवय घरातल्या प्रत्येक चालकाने लावून घ्यावी.

आपल्या बाजारात

प्रियस भारतात २०१० मध्ये आली, पण आयात केलेली असल्याने किमतीपायी तुरळकच राहिली. तिचे तत्त्व मात्र २०२२ मध्ये आपल्या मध्यमवर्गीय बाजारात उतरले. टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या कर्नाटकातल्या बिडदी येथे बनू लागलेल्या भावंडांत १४९० घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे अ‍ॅटकिन्सन धाटणीचे इंजिन आहे. त्याची ताकद ९२ अश्वशक्ती, जोडीला ८० अश्वशक्तीची मोटर आणि दोघांची मिळून कमाल ताकद सुमारे ११६. ही बेरीज १७२ होत नाही, कारण बॅटरी लहान आहे आणि दोघांचा कमाल जोर एकाच वेळी मिळत नाही. बॅटरी लिथियम-आयन. कंपनीने जाहीर केलेले मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर. होंडा सिटीची हायब्रिडही त्याच वर्षी आली, तिची रचना मात्र निराळी आहे.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, गाडी ‘स्ट्राँग हायब्रिड’ आहे की नाही. ‘माइल्ड’ किंवा ‘स्मार्ट हायब्रिड’ नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांत छोटी मोटर इंजिनाला थोडा हात देते, ती एकटी गाडी ओढत नाही. वर सांगितलेले फायदे तिला लागू पडत नाहीत.

दुसरी, आपला वापर. समजा साधी गाडी लिटरला १५ आणि हायब्रिड २२ किलोमीटर देते. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे ३१८ लिटर पेट्रोल वाचेल. लिटरला १०० रुपये धरले तर जवळपास ३२ हजार रुपये. किमतीतला फरक तीन लाख धरला तर तो भरून यायला साडेनऊ वर्षे लागतील. वर्षाला ५,००० किलोमीटर चालवणाऱ्याला तोच फरक भरून यायला २८ वर्षे लागतील. शहराच्या कोंडीत रोज तासन्‌तास काढणाऱ्याला हायब्रिड सर्वांत जास्त देते. एक्सप्रेसवेवर एकाच वेगाने जाणाऱ्याला कमी देते, कारण तिथे ब्रेकमधून वीज मिळत नाही आणि इंजिनाला विश्रांतीही नसते.

मग ती टिकते का? इंजिन टिकते, असे इतक्या वर्षांच्या अनुभवावरून म्हणता येते. बॅटरीबद्दल कंपनीने या भारतीय गाड्यांना आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी दिली आहे. ती लेखी घ्यावी आणि हमी रद्द होऊ नये म्हणून सर्व्हिसिंगच्या पावत्या जपाव्यात. नारिंगी रंगाच्या जाड तारांना, म्हणजे उच्च दाबाच्या विजेला, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नये. वापरलेली हायब्रिड घेत असाल तर किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नका. बॅटरीचा पंखा आणि जाळी उघडून पाहा, कुलंटच्या दोन्ही टाक्यांची पातळी पाहा आणि इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, स्वतःसमोर सुरू करायला लावा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.